नवऱ्याच्या कुंड्या आणि माझी गॅलरी

सांगलीच्या विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं पूर्वीचं घर गावभागात होतं. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं, परसातली जास्वंद आणि कढीपत्ता गेला. पुढं ते घर विकून कुटुंब फ्लॅटमध्ये आलं. यजमान बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी पश्चिमेच्या गॅलरीत बी पेरून फुलं-भाजी करायचा सपाटा लावला. कुंड्या, तेलाचे डबे, थर्माकोलचे खोके मिळून चौतीस नग झाले आहेत. ताईंच्या भावाच्या रानातून काळी मातीही पोत्यानं आली. पण निम्मं बी उगवत नाही, उगवलेली रोपं मान टाकतात आणि जगतात ती लांबुळकी, पिवळट होतात. "माझा हातच लागत नाही," असं म्हणून यजमान पुन्हा नवी पाकिटं मागवतात. इकडं कपड्यांना दोरी उरलेली नाही, उन्हाळ्यात सांडगे-पापडांना जागा नव्हती, आणि पाणी गळतं म्हणून खालच्या मजल्यावरच्या वहिनी दोनदा वर येऊन गेल्या.

ताई लिहितात, "मंडईत मेथीची पेंडी दहा रुपयाला मिळते आणि हे साडेचारशेचं बियाणं मागवतात. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, घरची शेती. बियाणं आई राखायची. त्यामुळं हे जे चाललंय ते मला बघवत नाही. बोलायला गेलं की यांना राग येतो. हा नाद कसा सोडवू? की मीच गप्प बसू?" आणि खाली ता. क.: दुधीचा वेल छान चढलाय, फुलं येतात, पण दुधी धरत नाही.

ताई, नमस्कार.

मंडईचा हिशोब आपण आधी बाजूला ठेवू. त्यात तुम्हीच जिंकणार, हे उघड आहे. हिवाळ्यात सांगलीत मेथी-पालक ज्या भावानं मिळतो, त्या भावात तो गॅलरीत पिकवायचा म्हटलं तर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) खर्चसुद्धा निघणार नाही. पण हे तुमच्या यजमानांना कळत नसेल असं खरंच वाटतं का तुम्हाला? आयुष्यभर लोकांची खाती जुळवलेला माणूस आहे तो. त्यांना हा आकडा तुमच्याआधी कळला असणार, आणि कळूनही ते पेरतायत. तेव्हा "परवडत नाही" हे शंभर वेळा सांगून काही हलायचं नाही.

परसाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. त्यावरून यजमानांच्या मनात काय चाललंय हे मी सांगू शकत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण तुम्ही त्यांना ओळखता. ज्या घराला माती होती तिथून ते दुसऱ्या मजल्यावर आले, आणि नोकरी सुटल्यावर हातात दिवसच्या दिवस आले. तुम्ही ज्याला नाद म्हणता, त्यात या दोन्हींचा वाटा किती, हे एकदा मनाशी पाहा. तो मोठा असेल तर कुंड्या उचलून गच्चीवर नेल्या किंवा भंगारवाल्याला दिल्या तरी प्रश्न तिथंच राहील. कुंड्यांची संख्या मात्र कमी करता येईल, आणि ती केलीच पाहिजे. चौतीस फार होतात. चौतीस कुंड्यांना पाणी घालणं हेच मोठं काम होऊन बसतं, मग प्रत्येक रोपाकडं बघायला वेळ राहत नाही.

आता "निम्मं उगवत नाही" याबद्दल. यात हात लागण्या-न लागण्याचा संबंध फारसा नाही. प्रमाणित बियाण्याला उगवणीची किमान मर्यादा ठरवून दिलेली असते: टोमॅटो आणि वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला ६०. म्हणजे मिरचीच्या दहा बियांपैकी चार उगवल्या नाहीत तरी ते पाकीट नियमात बसतं. पाकिटावर चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत छापलेली असते, ती पाहायची सवय लावा. मोबाइलवरून मागवलेल्या रंगीत पाकिटांवर सुंदर फोटो असतो आणि पुष्कळदा तारीखच नसते. ते बी दुकानाच्या फळीवर किती उन्हाळे खाऊन आलंय, हे मग कुणालाच सांगता येत नाही. कांद्याचं बी वर्षभरातच मंदावतं. टोमॅटोचं नीट कोरडं ठेवलं तर तीन-चार वर्षं चालतं.

इथं तुमचं माहेर कामाला येतं. पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासतात, ते तुम्ही पाहिलं असणार. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठवड्यानं मोड मोजायचे. सत्तरच्या वर आले तर नेहमीच्या मापानं पेरायचं, कमी आले तर बियाणं वाढवायचं. हेच गॅलरीसाठी दहा बियांवर, ओल्या फडक्यात करता येतं. झेंडूला चार-पाच दिवस द्या, टोमॅटोला आठवडा, मिरचीला दहा-बारा दिवस. फडकं ओलसर हवं, निथळतं नको. दहातल्या तीनच फुटल्या तर ते पाकीट विसरायचं. आठ फुटल्या आणि तरी कुंडीत उगवत नसेल, तर दोष बियाण्याचा नाही, मातीचा किंवा पाण्याचा आहे हे लगेच कळतं. सध्या पितृपंधरवडा आहे, नवी खरेदी तुम्ही तशीही टाळत असाल. घरातल्या जुन्या पाकिटांची ही झडती आत्ताच उरकून घ्या.

ती काळी माती हा तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोठा घोळ आहे, आणि गंमत म्हणजे तिच्याबद्दल तुमची तक्रार नाही. भावाच्या रानातली म्हणून तुम्हाला ती चांगलीच वाटणार, आणि रानात ती चांगलीच आहे. तिथं तिला खोली आहे, खाली पाणी जिरायला वाट आहे. फूटभर कुंडीत तीच माती ओली असताना चिखल होऊन बसते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी मातीत न शिरता त्या फटीतून सरळ खाली जातं, भोकातून बाहेर पडतं आणि खालच्या वहिनींच्या कपड्यांवर टपकतं. यजमानांना वाटतं, पाणी भरपूर घातलं. रोप मात्र तहानलेलंच. वहिनींचं वर येणं आणि रोपांचं मान टाकणं, दोन्हींचं मूळ बऱ्याच अंशी या मातीत आहे.

ती फेकू नका, पण तीन हिश्श्यांतला एकच हिस्सा तिचा ठेवा. दुसरा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तिसरा कोकोपीट किंवा भाताचं तूस. कोकोपीटची वीट भिजवून दोन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) कुणी फुकट देतो म्हणालं तर जुनी, भुरभुरीत झालेलीच घ्या. ताजी मळी कुंडीत तापते आणि मुळं भाजते. आणखी एक बाब वजनाची. बारा इंची कुंडी निव्वळ काळ्या मातीनं भरून भिजवली की वीस-पंचवीस किलोंच्या घरात जाते, अशा चौतीस कुंड्या गॅलरीवर पेलायच्या म्हणजे जरा विचार करा. जड कुंड्या भिंतीलगत ठेवा. कठड्यावर एकही नको, रिकामीसुद्धा नको.

बी पेरायच्या ट्रेमध्ये मात्र काळी माती अजिबात नको. धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं, बस्स. नर्सरीवाले वापरतात ते कप्प्याकप्प्यांचे प्रो-ट्रे मिळाले तर उत्तम, नाहीतर दह्याचे डबे खाली भोकं पाडून चालतात. कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात ती बुरशीमुळं, आणि ही बुरशी सततच्या ओलीवर आणि दाटीवर पोसते. म्हणून ट्रेला वरून मग्यानं पाणी घालू नका. परातीत बोटाच्या पेराएवढं पाणी घेऊन ट्रे त्यात दहा मिनिटं ठेवा, मिश्रण खालून पाणी ओढून घेतं. मग उचलून निथळू द्या. ट्रायकोडर्मा म्हणजे रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी; तिची भुकटी खतांच्या दुकानात मिळते, ती गांडूळखतात मिसळली तर या बुरशीला चांगला आळा बसतो. सोसायटीत बोअरचं पाणी असेल आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, तर निदान रोपांपुरतं नळाचं पाणी वापरा.

मोठ्या कुंड्यांना वेळापत्रकानं पाणी घालायचंच नाही. बोट दोन पेरं मातीत घालून पाहायचं, आत कोरडं लागलं तर घालायचं, तेही थांबत थांबत दोन हप्त्यांत. प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवा म्हणजे वहिनींचा प्रश्न मिटेल. फक्त ताटल्यांतलं पाणी साचू देऊ नका, आठवड्यातून एकदा पुसून कोरड्या करा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि मग वहिनींच्या पाठोपाठ सगळी सोसायटी वर येईल.

लांबुळक्या रोपांचं कारण तुम्हाला दरवर्षी घरातच दिसतं. घटस्थापनेला आपण घटाभोवती धान्य पेरतो. नऊ दिवसांत ते वीतभर उंच येतं आणि पिवळं असतं, कारण देवघरात ऊन नसतं. तुमच्या ट्रेमधल्या टोमॅटोचं हेच होतंय. बी उगवेपर्यंत सावली चालते. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे उन्हाच्या कडेला न्यायचा, दोन-तीन दिवसांत पुऱ्या उन्हात.

पेरण्याची खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, एवढं ध्यानात ठेवलं की पुरतं. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं, त्यावर माती टाकायचीच नाही. धने हलके रगडून दोन भाग करून पेरायचे. भेंडी रात्रभर भिजवायची. कारल्याचं आणि गोकर्णाचं कवच टणक, ते जरा घासून भिजत घातलं तर उगवण लवकर होते.

आता एक गोष्ट जी यजमानांना जड जाणार आहे. ट्रेमध्ये किंवा खोक्यात चाळीस रोपं उगवली तर त्यातली तीस काढावी लागतात. रानात तुम्ही विरळणी पाहिली आहे, त्यांनी नाही. स्वतः पेरलेलं उपटायचं जिवावर येतं आणि मग एका डब्यात सहा टोमॅटो दाटीवाटीनं उभे राहतात. सहाही रोगट होतात, एकालाही धड फळ येत नाही. बारा इंची कुंडीत टोमॅटो एक, वांगं एक, मिरची फार तर दोन. उपटू नका, मुळं हलतात. नको असलेली रोपं कात्रीनं जमिनीलगत कापा. मेथी-पालकाची विरळणी तर वरणातच जाते. जी रोपं कापायला फारच जीव होत नाही, ती वाटून टाका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा मिरचीचं नाहीतर झेंडूचं रोप वाण म्हणून दिलं तर कुणाला नको आहे? त्यासाठी मिरची नोव्हेंबरच्या शेवटी पेरायला सांगा आणि झेंडू डिसेंबरच्या मध्यावर. यजमानांची जास्तीची रोपंही मार्गी लागतील आणि त्यांना कौतुकाची चार वाक्यंही ऐकायला मिळतील. ती ऐकायची गरज त्यांना असावी असा माझा अंदाज आहे.

जागेचं भांडण तर ऋतूच सोडवून देतात. पश्चिमेच्या गॅलरीत मार्च ते मे भाजी करणं म्हणजे शुद्ध हट्ट आहे. दिवसा पारा ३५ च्या पुढं गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही. सांगलीत एप्रिलमध्ये त्याहून जास्तच असतं, आणि दुपारभर तापलेली भिंत संध्याकाळीही झळा सोडते. कोथिंबीर धड उगवत नाही, उगवली तर लगेच फुलावर जाते. नेमके हेच तुमच्या वाळवणाचे दिवस. तेव्हा होळीनंतर गॅलरी तुमची, कुरडया-पापड-सांडग्यांची. भिंतीकडेच्या सावलीत तुळस, पुदिना, गवती चहा आणि वांग्याची एखादी कुंडी राहू द्या, बाकीच्या रिकाम्या करून मातीला ऊन दाखवा. गणपती झाले की गॅलरी यजमानांची. वाटणी अशी मांडली तर "तुमचा पसारा काढा" असं म्हणावंच लागत नाही. कपड्यांची दोरी मात्र बारमाही, तिच्याखाली कुंडी नको. तेवढ्यावर तुम्ही ठाम राहा.

आत्ता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पेरायला टोमॅटो, वांगी, मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. फुलांत झिनिया, पिटुनिया, अ‍ॅस्टर. दसऱ्याच्या झेंडूचं बी जुलैत पडायला हवं होतं, तो आता बाजारातूनच आणा. दिवाळीच्या आसपास निदान मखमली झेंडू उमलावा अशी इच्छा असेल तर आठवडाही दवडू नका. फ्लॉवर, कोबी, कांदा, बटाटा यांच्या वाटेला जाऊ नका. कुंडी चार महिने अडते आणि हाती एक गड्डा येतो. घरात दोघंच असाल तर मिरचीची दोन झाडं आणि आलटून-पालटून पेरलेली कोथिंबीर यांची रोज खरी सोय होते. वांगं कुंडीत चांगलं येतं. बहर ओसरला की फूटभरावर छाटून खत द्या, उसासारखा त्याचाही खोडवा घेता येतो, हे भाऊ सांगेलच. कृष्णाकाठच्या वांग्याची चव मात्र त्यात शोधू नका, ती कोकोपीटमध्ये उतरत नाही.

साताऱ्याकडच्या वाचकांसाठी जाता जाता: तुमच्याकडं पाऊस आमच्यापेक्षा बराच जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये ढगच ढग. तेव्हा त्या दोन महिन्यांत ट्रे पावसाखाली ठेवू नका आणि घाईही करू नका, सप्टेंबरच्या उघडिपीत पेरलेली रोपं जुलै-ऑगस्टमधल्या रोपांना मागं टाकतात.

बियाण्याचा खर्च कमी करायचा तर संकरित वाणांपेक्षा सुधारित किंवा गावरान वाण घ्या. भेंडीची परभणी क्रांती, टोमॅटोची पुसा रुबी ही जुनी सुधारित नावं आहेत. यांचं बी घरी धरता येतं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढची झाडं आईबापासारखी निघतीलच असं नाही. आणि चार रोपं नर्सरीतून आणली म्हणून काही बिघडत नाही. मिरचीचं बी पेरून लावणीजोगं रोप व्हायला पाच-सहा आठवडे जातात. बी फसलं तर मोसम हातचा जातो, तेव्हा तयार रोप आणून वेळ साधणं शहाणपणाचंच. यजमानांना त्यात कमीपणा वाटत असेल तर निम्मं पेरून आणि निम्मं आणून, असं करा. मोबाइलवरच्या व्हिडिओंना मात्र थोडं आवरा. चहापत्ती, ताक, केळीची साल, हिंगाचं पाणी, अंड्याची टरफलं, सगळं एकाच कुंडीत. कोवळ्या रोपाला पहिले तीन आठवडे यातलं काहीही लागत नाही.

हे सगळं त्यांना सांगायचं कुणी, हा तुमचा खरा पेच आहे. गप्प बसणं मला पटत नाही. तुम्हाला बघवत नाही असं तुम्हीच लिहिता, मग गप्प बसून ते चेहऱ्यावर दिसणारच. नाद सोडवणं अवघड, ते वर बोललो. तिसरी वाट म्हणजे तुम्हीही त्यात उतरणं, पण तिच्यातही एक खाच आहे. निवृत्तीनंतर माणसाला एखादं काम पूर्ण आपलं असावंसं वाटतं. तुम्ही माहेरच्या ज्ञानासकट चौतीस कुंड्यांत शिरलात तर ते गॅलरी सोडून सोफ्यावर येऊन बसतील, आणि ते तुम्हाला जास्त जड जाईल.

म्हणून अर्धंच उतरा. एक ट्रे मागून घ्या, बी तुमच्या पसंतीचं, रीत आईची. बारीक बी राखेत नाहीतर बारीक मातीत कालवून चिमटीनं टाकायची पद्धत तुम्हाला येत असेल. बियाणं गाडग्यात राखेत का ठेवायचे तेही माहीत असेल: राख ओल शोषते, किडीला आवरते. तुमच्या ट्रेबद्दल काही बोलू नका, फक्त तो त्यांच्या ट्रेशेजारी ठेवा. त्यांनी विचारलं तर सांगा. आजवर तुम्ही जे बोललात ते बहुधा रोप मेल्यावर बोललात. ते बरोबर असलं तरी त्या क्षणी ऐकवत नाही. पेरणीआधी "ही पाकिटं आपण फडक्यात घालून बघू या का?" असं विचारलं तर त्यात चूक काढल्यासारखं काही नाही. मोड मोजायचं आणि वहीत तारखा लिहायचं काम त्यांच्याकडं द्या, बँकेतल्या माणसाला ते आवडेल. मग संख्या ठरवा. माझ्या मते बारा कुंड्या आणि दोन ट्रे. ते वीस म्हणतील, पंधरावर या.

आणि तरीही त्यांना तुमचा ट्रे नकोच असेल, तर तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा. तिथं मेथी निघेल. खालच्या वहिनींकडं मात्र ताटल्या बसवल्यावर दोघांनी मिळून जा, मेथीची एक पेंडी घेऊन. मंडईतली असली तरी चालेल.

राहिली ता. क. मधली दुधी. वेलावर आधी नरफुलं येतात, लांब बारीक देठाची. मादीफुलाच्या मागं बोटाएवढी दुधी असते. आठ-दहा दिवस नुसती नरफुलंच दिसत असतील तर थांबा, मादीफुलं मागून येतात. मुख्य वेल पाच-सहा फुटांवर गेला की शेंडा खुडा, फांद्या फुटतात आणि मादीफुलं जास्त करून फांद्यांवर धरतात. मादीफुलं येऊनही गळत असतील तर परागीभवन होत नाही. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मिटतं, त्याचं काम रात्रीचे पतंग करतात, आणि दुसऱ्या मजल्यावर ते फारसे फिरकत नसावेत. दिवेलागणीला ताजं उमललेलं नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलक्यानं फिरवा. एका नरफुलात दोन मादीफुलं होतात. दोन-तीन दिवसांत ती बोटाएवढी दुधी हिरवीगार राहून फुगायला लागली तर जमलं. पिवळी पडून सुरकुतली तर दुसऱ्या फुलावर पुन्हा करा. वेल तेलाच्या डब्यात असेल तर त्याला एक-दोन दुधींपेक्षा जास्त पेलवणार नाहीत, बाकीच्या कळ्या खुडून टाका. पुढच्या वेळी निदान अर्ध्या पिंपात लावा.